सोफ्यावरचा अंगठा

डाग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे. मी बी.कॉम. आहे, बावीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे, आणि माझ्या एकाही शर्टाचा खिसा निळ्या डागाशिवाय निवृत्त झालेला नाही. तेव्हा आमच्या शाखेतल्या सोफ्यावरून जो काही तमाशा झाला, त्यावर चार शब्द सुनावले तर वाचकांनी राग मानू नये. साहेबांनी मानला तरी चालेल.

मी राहतो जुन्नरला आणि नोकरी करतो आंबेगाव तालुक्यात. साहेबांच्या केबिनबाहेर एक तपकिरी सोफा आहे. तो लेदरचा आहे असं साहेब म्हणतात. रेक्झीनचा आहे असं बिल म्हणतं. माझा विश्वास बिलावर, कारण त्याचं व्हाउचर मीच लिहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात, बाळहिरड्याच्या हंगामात, या सोफ्याच्या हातावर एक निळा अंगठा उमटला. आणि काय सुरेख उमटला! रेघ न् रेघ स्पष्ट. विड्रॉवल स्लिपवर असा अंगठा यावा म्हणून मी जन्मभर धडपडलो. तिथं नेहमी डांबराचा गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी मंचरकडचे एक बटाटेवाले बागायतदार कर्जाच्या कामाला आले. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री. सोफ्यावर टेकले, चहा घेतला आणि उठले ते निळं कोपर घेऊन. मग मात्र शाखा हादरली. अंगठा सोफ्यावर होता तोवर तो डाग होता. बागायतदारांच्या सदऱ्यावर गेल्यावर तो 'प्रकरण' झाला.

आता यात नवल काही नाही. स्टॅम्प पॅडच्या शाईत ग्लिसरीनसारखे पदार्थ घालतात, ते ती पॅडवर वाळू नये म्हणूनच. कागद ती पिऊन टाकतो म्हणून कागदावर ती वाळल्यासारखी दिसते. रेक्झीन काही पीत नाही. निदान घाईनं पीत नाही. शाई वर तशीच ओली बसून राहते आणि येईल त्याच्या कपड्यांना शिवते. दोन-चार दिवस गेले की मात्र रंग हळूहळू आत उतरतो. रेक्झीन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, त्यात तो मुरतो, लोणच्यातल्या मिठासारखा. एकदा मुरला की ब्रह्मदेवाच्या बापालाही निघत नाही.

हे सगळं पहिल्या दिवशी कुणी ऐकून घेतलं असतं, तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं काम भागलं असतं. नाही भागलं तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट. तेही आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी लावून बघायचं, मग कापसाच्या बोळ्यानं टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही! पण आपल्याकडे प्रत्येक कपाळाला एक उपाय चिकटवलेला असतो. हेडकॅशिअर म्हणाले, टूथपेस्ट. ती लावली, डाग राहिला, चकाकी गेली. कर्जविभाग म्हणाला, दूध. दूध कपड्यावरच्या फाउंटन पेनाच्या शाईला ठीक. सोफ्यावर त्यानं फक्त मुंग्या आणल्या. शेवटी एका भगिनीनं पर्समधून नेलपॉलिश रिमूव्हर काढलं. त्यात बहुधा ॲसिटोन असतं, आणि ॲसिटोन शाई-रेक्झीन असा पंक्तिभेद करत नाही. वरचा थर चिकट होऊन निघाला, बोळ्याचं अर्धं सूत तिथंच राहिलं, आणि मधोमध अंगठा पूर्वीइतकाच प्रसन्न.

हा पराभव पचवायला साहेबांनी सूचना लावली: 'अंगठा करणाऱ्या खातेदारांनी सोफ्यावर बसू नये.' टाईप करून, फ्रेममध्ये. ज्यांना ती वाचता येते त्यांच्यासाठी ती नव्हती, आणि ज्यांच्यासाठी होती त्यांना वाचता येत नव्हती. म्हणून ती तोंडी बजावायला शिपाई नेमला. परिणाम असा, की डोंगरपट्ट्यातून पहाटेची एस.टी. धरून आलेल्या म्हाताऱ्या भिंतीला टेकून तासतासभर उभ्या, आणि सोफा रिकामा.

इथं माझं डोकं फिरलं. ज्या आजींचा तो अंगठा होता त्यांना मी विचारलं, "आजी, सोफ्याला कशाला पुसलात?"

"मंग कशाला पुसू, दादा? लुगड्याला? फडकं कुठं ठिवलंय तुमी?"

बरोबर आहे. शाई बँकेची, पॅड बँकेचं, अंगठा धरून पॅडवर दाबणारा हात माझा. पुसायला मात्र ज्याचं त्यानं आणायचं! आम्ही सही करणाऱ्याला पेन देतो, दोरी बांधून का होईना. अंगठेवाल्याला काय देतो? सूचना.

आणि साहेबांनी शाईचा तोरा कुणापुढं मिरवावा? या आजी हिरडा वेचतात. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत. कातडं कमवायला हिरडा लागतो. कागद म्हणाल तर एके काळी आमच्या जुन्नरचा हातकागद दफ्तरांना जात असे. म्हणजे शाई हिरड्याची, खरं लेदर हिरड्याचं, कागद इथला. आणि बसायला बंदी हिरडा वेचणारीला! ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या पाण्यापायी किती कागदांवर किती अंगठे उठले असतील! तेव्हा त्या माणसांना 'उभे राहा' म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा 'बसा, बसा' असतं.

हे सारं मी साहेबांना ऐकवलं. म्हणजे अर्धं ऐकवलं. उरलेलं घरी बायकोला. साहेब म्हणाले, "कुलकर्णी, भावना समजल्या. पण फडक्याला हेड कोणतं टाकायचं?" मी म्हणालो, स्टेशनरी. बरंच खल होऊन स्टेशनरी मंजूर झालं.

काउंटरवर पॅडशेजारी ओलं फडकं आलं. सूचना मी एका शनिवारी उतरवली. "कुठं गेली?" साहेबांनी विचारलं. "सगळ्यांची वाचून झाली," मी म्हणालो. आजी आता सोफ्यावर बसतात, आपल्याच अंगठ्याच्या शेजारी.

फडक्याला पेनासारखीच दोरी बांधली होती. तिसऱ्या दिवशी बघतो तर दोरी जागेवर, आणि फडकं बाहेर साहेबांच्या गाडीची काच पुसत होतं.