पोर्चचं भाडं

संपत्ती कराची स्वविवरणी भरायचे दिवस आले की आमच्या भिलाईच्या स्मृतिनगरात घरोघरी टेप बाहेर निघतात. शेजारचे काका स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. परवा पोर्चवरचा पत्रा मोजत होते, म्हणून मी टेपचं दुसरं टोक धरलं. "या पत्र्याखाली माझी लूना उभी असते," काका म्हणाले. "आता तिच्याकडून भाडं वसूल करू का?"

थट्टा खरी, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी. इथला कर प्रत्यक्ष भाड्यावर नसतो, घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला काय आलं असतं, त्या मानीव रकमेवर असतो. वॉर्ड कुठला, घर मेन रोडवर की आत, छत पक्कं की पत्र्याचं, यावरून फुटामागे दर ठरतो. बाकीचा गुणाकार मालकाने करायचा. त्यात दहा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर फरकाच्या पाचपट दंड. काका पत्रा दोनदा मोजतात ते उगीच नाही.

मुळात भिलाईला घरपट्टीची सवयच नव्हती. स्टील प्लांटसाठी 1955 चा सोव्हिएत रशियाशी करार, 1959 ला पहिली भट्टी पेटली, आणि माणसं सेक्टरांतल्या क्वार्टरांत राहायला आली. नळ, दिवा, रस्ता, झाडू, सगळं कंपनीचं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, म्हणून पीएफ-ग्रॅच्युइटीच्या पैशातून नेहरूनगर, रिसाली, वैशालीनगरात घरं उठली. 1998 मध्ये साडा (विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण) जाऊन नगर निगम आला, आणि आयुष्यभर कंपनीचं पाणी प्यायलेली माणसं उतारवयात करदाते झाली. कारखान्यालाही कर चुकलेला नाही. राज्यघटनेच्या 285 व्या कलमाने केंद्र सरकारच्या मालमत्तेला माफी आहे, सरकारी कंपनीच्या नाही. कारखान्याने किती भरायचा यावर निगमाशी वाद होतात, पण वाद घालायला कारखान्याकडे वकील आहेत. काकांकडे टेप आहे.

तरीही वॉर्डाच्या दरांची फेरआकारणी नकोच, असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या जुनवानी रोडला एके काळी शेतं होती, आज मॉल आहे. तिथला दर जुनाच ठेवला तर निगमाची तूट कुणीतरी भरायचीच, आणि ती कॅम्प, खुर्सीपारसारख्या कामगारवस्त्यांतल्या दोन खोल्यांवर येते. कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये घर विकलं जाईपर्यंत त्याच्या करमूल्याची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर बांधून टाकली. परिणाम असा, की एकाच गल्लीत सारख्याच दोन घरांपैकी नवा आलेला जुन्या शेजाऱ्याच्या कितीतरी पट भरतो. दर गोठवणं हाही पक्षपातच. वर्षानुवर्षं झोपा काढून एका झटक्यात दर चढवण्यापेक्षा दरवर्षी थोडा थोडा वाढवा, आणि वॉर्डाचा दर अमुकच का, हे फॉर्म वाटण्याआधी झोन ऑफिसबाहेर लावा. एवढं जड काम नाही हे.

खरी अडचण निराळी आहे. काकांच्या घराची किंमत वाढली ती मॉलमुळे, काकांनी वीटही हलवलेली नाही. पेन्शन मात्र ईपीएस-95 ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची. या योजनेत 2014 पासून किमान पेन्शन महिन्याला 1000 रुपये आहे. काकांना त्याहून बरी मिळते, पण महिन्याची औषधंही तिच्यात भागत नाहीत. कागदोपत्री माणूस लखपती, खिशात काही नाही. सरसकट माफी हा निवडणुकीचा उपाय झाला. त्यात काकांबरोबर शेजारचा तीनमजली बंगलाही सुटतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 55 वर्षांवरच्या घरमालकांना कर पुढे ढकलता येतो. तो व्याजासह घरावर चढतो, घर विकलं की वसूल होतो. आपल्याकडे हे का होऊ नये? काकांचा मुलगा बंगळुरूला आहे, भिलाईला परतायचा नाही. उद्या तोच घर विकणार, आणि जुनवानीच्या भावाने विकणार. तेव्हा निगमाने आपली थकबाकी त्याच्याकडून खुशाल कापून घ्यावी.