चेंडू पायाशी नसताना

पनवेलला आमच्या घराजवळच्या मैदानावर रविवारी सकाळी पोरं फुटबॉल खेळतात. त्यातला एक पंधरा वर्षांचा मुलगा परवा कडेला बसून बुटाचा सुटलेला तळ चिकटवत होता. तळ दाबून धरत त्याने सांगितलं, बेकहॅमवरच्या माहितीपटाचे चारही भाग पाहून झाले. आणि लगेच विचारलं, "काका, आपल्याकडे प्लेअरला पगार किती असतो? आणि गुडघा गेला तर?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच संध्याकाळी वडाळे तलावावर फिरताना आमच्या मित्रमंडळींत हाच विषय निघाला. एकाचं म्हणणं, फुटबॉलपटूंवरचे माहितीपट म्हणजे निव्वळ जाहिरात. दुसऱ्याचं म्हणणं, खेळ मैदानात बघावा, खेळाडूच्या घरात कॅमेरा कशाला? तिसरा म्हणाला, परदेशात ठीक आहे, आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे कोण? तिघंही खेळावर प्रेम करणारे आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

जाहिरातीचा आरोप मला अर्धा मान्य आहे. २०२३च्या 'बेकहॅम' मालिकेच्या निर्मितीत खुद्द बेकहॅमच्याच कंपनीचा हात होता. पण म्हणून त्यातलं सगळं खोटं ठरत नाही. १९९८च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं, इंग्लंड हरलं, आणि लंडनमध्ये त्याचा पुतळा फासावर लटकवला गेला. त्या दिवसांबद्दल बोलताना त्याचा चेहरा पाहावा. तिथे जाहिरात संपते. पैसा कुणाचा आहे हे विचारलंच पाहिजे, पण ते विचारून झाल्यावर पडद्यावर काय दिसतं तेही पाहिलं पाहिजे.

'खेळ मैदानात बघा' हे ऐकायला पटतं. पण आपण मैदानात बघतो काय? चेंडू. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ तो काय करतो? २००५च्या एप्रिलमध्ये रेआल माद्रिद आणि व्हिलारेआल यांच्या सामन्यात डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो यांनी एका चित्रपटासाठी सतरा कॅमेरे एकट्या झिदानवर लावले. त्या चित्रपटात तो चालतो, थुंकतो, घाम पुसतो, बुटाचं टोक गवतावर घासत राहतो. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि शेवटी हाणामारीत लाल कार्ड घेऊन तो बाहेर जातो. त्या माणसाचं एकटेपण मला कुठल्याही गोलपेक्षा जास्त कळलं. माहितीपटाचं काम हेच आहे: चेंडू पायाशी नसतानाचा खेळाडू दाखवणं, मैदानावरचा आणि मैदानाबाहेरचाही.

'पोरांना प्रेरणा मिळते' हे माहितीपटांच्या बाजूने नेहमी सांगितलं जाणारं कारणही मला पटत नाही. प्रेरणा त्या बूट चिकटवणाऱ्या मुलाकडे भरपूर आहे. त्याला हवी आहे माहिती.

आणि आपल्याकडे आहे कोण? कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा लोटतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल अंगाखांद्यावर वाढवला, असं गाव देशात दुसरं मला माहीत नाही. पोटासाठी नायजेरियातून आलेले खेळाडूही इथल्या संघांतून खेळले आहेत. त्यांच्यातल्या एकाच्या खोलीवर कुणी महिनाभर कॅमेरा ठेवला आहे?

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेचे सामने आमच्यापासून लोकलने काही स्टेशनं पलीकडे, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही झाले, पण भारताचे तिन्ही दिल्लीत. ते तिन्ही भारत हरला. २०१९मध्ये अनिकेत इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला, मग इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एका क्लबातून दुसऱ्या क्लबात. सतराव्या वर्षी सगळा देश नाव घेतो, आणि पंचविसाव्या वर्षी पुढच्या कराराची वाट पाहावी लागते. या आठ वर्षांत काय काय होतं, ते मला बघायचं आहे.

२०२५च्या जुलैमध्ये तर आयएसएलच स्थगित झाली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. ऑगस्टमध्ये सुनील छेत्रीच्या बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. बातमी दोन दिवस चालली. ज्यांच्या घराचे हप्ते त्या पगारातून जात होते, त्यांच्या स्वयंपाकघरात त्या महिन्यात काय बोलणं झालं, हे बातमीत येत नाही. कॅमेऱ्यात येऊ शकलं असतं.

अश्विन कुमार यांनी २०१०च्या 'इन्शाल्ला, फुटबॉल'मध्ये हे करून दाखवलं आहे. काश्मीरमधला एक मुलगा, त्याला खेळायला परदेशी जायचं आहे, वडील पूर्वी अतिरेकी होते म्हणून पासपोर्ट अडतो. नायक विश्वविजेता नाही, क्लबही बडा नाही. तरी एका पासपोर्टच्या कागदात एका खेळाडूचं सगळं आयुष्य कसं अडकतं ते दिसतं.

मराठीत असा एक माहितीपट कुणी करायला घेतला, तर वर्गणी गोळा करायला मी पनवेलमध्ये दारोदार फिरेन. आणि पहिला खेळ त्या मैदानावरच, पडदा बांधून लावू. बूट चिकटवणारा तो मुलगा तोवर अठराचा झाला असेल, आणि पगाराचा प्रश्न त्याला खरोखरच पडलेला असेल.