लंडनच्या गिल्डहॉलची वहिवाट

लंडन नगरीच्या जुन्या कोटाच्या आत, सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरापासून थोड्याच अंतरावर, गिल्डहॉल नावाची जी सभावास्तू आहे तिचे बांधकाम १४११ साली जॉन क्रॉक्स्टन या प्रमुख पाथरवटाच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि १४४० च्या सुमारास ते पुरे होत आले. परंतु तिचे माहात्म्य या प्राचीनत्वात आहे असे मला वाटत नाही. सहाशे वर्षांचे दगड युरोपात पुष्कळ ठिकाणी उभे आहेत. ज्या कारभारासाठी दगड रचले तोच कारभार त्यांच्या आश्रयाने आजतागायत चालू असावा, ही गोष्ट मात्र विरळा आहे आणि जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी जे कोणी कळकळीने बोलतात त्यांनी प्रथम तिचा विचार करावा, असे माझे मत आहे.

ही वास्तू कोणा राजाने इनाम म्हणून दिलेली नाही. कापडाचे व्यापारी, मसालेवाले, मासळीवाले, सोनार, शिंपी अशा धंदेवाल्यांच्या मंडळ्यांच्या हाती नगरीची सत्ता होती. त्यांनी दंड, शुल्क आणि देणग्या यांतून पैसा उभा केला आणि तीन वेळा पूर्ण मुदतीचा महापौर झालेला रिचर्ड व्हिटिंग्टन १४२३ साली वारल्यावर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी दालनाच्या फरसबंदीसाठी रक्कम दिली. बारा प्रमुख मंडळ्यांची निशाणे आजही त्या दालनात लटकतात, नगरसभा तेथेच भरते आणि सप्टेंबरच्या अखेरीस मंडळ्यांचे सभासद तेथेच जमून महापौराची निवड करतात.

अशा धंदेवाल्यांच्या मंडळ्यांची, म्हणजे श्रेणींची, परंपरा आपल्याकडे याहून फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील जो शिलालेख आहे, त्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादी गरजांसाठी त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याचे (दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार शेकडा पाऊण या दराने) आणि हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविल्याचे नमूद केले आहे. त्या सभेचे दप्तर शिळेवर राहिले, पण सभागृहाचा मागमूस उरला नाही. लंडनकरांकडे दप्तर, सभा आणि सभागृह ही तिन्ही राहिली आहेत, आणि ती आपोआप राहिलेली नाहीत.

सुमारे १५१ फूट लांब, ४८ फूट रुंद आणि पाच फूट जाडीच्या भिंतींचे हे दालन १६६६ च्या महाभयंकर आगीत सापडले. ओकच्या जाड तुळया ज्वाळांविना तासन्‌तास धगधगत राहिल्याचे प्रत्यक्षदर्शींनी लिहून ठेवले आहे. छप्पर गेले, भिंती राहिल्या, आणि खालच्या पूर्वेकडील तळघराची पर्बेक दगडाच्या खांबांवर तोललेली कमानदार छतेही राहिली. पुढे भिंती उंचावून वर सपाट छत घातले गेले. एकोणिसाव्या शतकात होरेस जोन्स याने ते उतरवून लाकडी उघड्या तुळयांचे उत्तुंग छप्पर चढविले. आणि २९ डिसेंबर १९४० च्या रात्री, जर्मन विमानांच्या आगलाव्या बाँबवर्षावात शेजारचे सेंट लॉरेन्स ज्यूरी हे प्रार्थनामंदिर पेटले असता तेथून उडालेल्या निखाऱ्यांनी ते छप्परही भस्मसात केले. १७०८ साली रिचर्ड सॉन्डर्स याने घडविलेल्या गॉग आणि मेगॉग या नगररक्षक राक्षसांच्या लाकडी मूर्ती त्याच रात्री जळाल्या. युद्धानंतर नगरीने डेव्हिड एव्हन्स याजकडून नव्या मूर्ती करवून घेतल्या आणि छपराचे काम सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांजकडे सोपविले. त्यांनी जळालेल्या छपराची नक्कल केली नाही. मध्ययुगीन रचनेला अनुसरून भिंतीपासून भिंतीपर्यंत दगडी कमानी टाकल्या, आणि १९५४ साली ते काम पुरे झाले. यास कोणी बनावट पुरातनत्व म्हणेल; मला तो आक्षेप मान्य नाही. सभा भरावयाची असेल तर डोक्यावर छत हवे, आणि पाचशे वर्षांच्या भिंतींना साजेल असे छत घालणे हा त्या भिंतींचा मान राखण्याचाच प्रकार आहे. भग्नावशेष कुंपण घालून जपले असते तर तेथे प्रवासी आले असते, नगरसभा भरली नसती.

या वास्तूच्या दर्शनी भागात हिंदुस्थानची छाया आहे, याचे आपल्या वाचकांस नवल वाटेल. १७८८ साली, पुण्यात नाना फडणविसांचा अंमल चालू असता, नगरीचा वास्तुतज्ज्ञ जॉर्ज डान्स याने नवे प्रवेशद्वार उभारण्यास घेतले आणि त्यात गॉथिक घाटाबरोबर हिंदुस्थानी धर्तीच्या महिरपी व मनोरे आणले. विल्यम हॉजेस या चित्रकाराने हिंदुस्थानातून परतल्यावर प्रसिद्ध केलेली येथील वास्तूंची दृश्ये त्या काळी लंडनमध्ये गाजत होती, आणि कंपनी सरकारची मुख्य कचेरी याच नगरीत होती. हा मिलाफ मला मोहक वाटतो, परंतु ज्या व्यापाराने ती चित्रे तेथवर नेली त्याचा विसर पडता कामा नये.

कारण याच नगरीच्या व्यापाराचे अत्यंत काळे पान याच वास्तूत लिहिले गेले आहे. जमैकातील ऊसमळ्यांचा व हजारो गुलामांचा धनी आणि दोनदा महापौर झालेला विल्यम बेकफर्ड याचा पुतळा १७७२ साली दालनात उभारला गेला. राजासमोर निर्भीडपणे बोलला, हे त्याचे श्रेय. त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्च १७८३ मध्ये, झॉन्ग या गलबताच्या मालकांचा विमेदारांविरुद्धचा दावा गिल्डहॉलमध्येच चालला. गलबतावरील लोकांनी १३० हून अधिक आफ्रिकी गुलाम जिवंतपणी समुद्रात लोटले होते, आणि मालक त्यांची नुकसानभरपाई बुडालेल्या मालासारखी मागत होते. ज्यूरीने कौल मालकांच्या बाजूने दिला. पुढे मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या न्यायासनाने फेरचौकशीस परवानगी दिली. परंतु माणसे बुडविल्याबद्दल खुनाचा खटला कोणावरही झाला नाही.

२०२१ च्या जानेवारीत नगरसभेच्या धोरण समितीने बेकफर्डचा पुतळा हलविण्याचे ठरविले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नगरसभेने तो निर्णय फिरवून, खुलासेवार मजकूर लावून तो जागेवरच ठेवण्याचे ठरविले. हा दुसरा निर्णय मला योग्य वाटतो. पुतळा दूर गेल्याने पीडितांच्या वंशजांचा सल कमी झाला असता, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या दालनात महापौर निवडला जातो त्याच दालनात निवडणाऱ्यांच्या दृष्टीस ते नाव आणि ते कर्म एकत्र पडावे, यात त्या नगरीचे हित अधिक आहे. मात्र बेकफर्डच्या गुलामांचा उल्लेख करून थांबणे पुरेसे नाही. झॉन्गच्या दाव्याची तारीख, ज्यूरीचा कौल, आणि समुद्रात लोटलेल्यांची किंमत ज्या रकमेत मागितली गेली ती रक्कम, हे सर्व त्या पुतळ्याशेजारी, पुतळ्यावरील प्रशस्तीइतक्याच मोठ्या अक्षरांत कोरलेले असावे, असा माझा आग्रह आहे.