‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘अघोषित’

स्वातंत्र्योत्तर नियोजनाच्या काळात मराठीत अनेक नवे शब्द घडविले गेले. त्यांपैकी बहुतेक कचेऱ्यांतच राहिले. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द मात्र सातपुड्यातील पाड्यांपर्यंत पोहोचला. शहरी वाचकाला तो बोजड वाटेल. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत मात्र जमीन मिळणार की नाही, हे त्या शब्दावर ठरते. म्हणून त्याचा अर्थ तपासणे हा पंडिती विरंगुळा नव्हे.

‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहण लागलेला सूर्य तसाच मावळला, तर पंचांगात त्यास ‘ग्रस्तास्त’ म्हणतात. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्द याच घडणीचे आहेत. परंतु दुष्काळाच्या निविदा कोणी काढीत नाही. धरणाची जागा, उंची आणि बुडणारी गावे ही सारी आधीच ठरविलेली असतात. मनुष्यकृत निर्णयाला दैवी आपत्तीच्या पंक्तीत बसविले, की हक्काच्या जागी मदतीची भाषा येते आणि प्रकल्पाच्या खर्चाचा जो वाटा विस्थापित कुटुंब उचलते, तो जमाखर्चात दिसेनासा होतो. राज्याच्या १९८६ व १९९९ च्या पुनर्वसन कायद्यांनी तर ‘प्रकल्पबाधित’ हा आणखी सौम्य शब्द स्वीकारला. लोकांनी ‘ग्रस्त’ सोडला नाही. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ असे म्हणणाऱ्या चळवळींनी त्या दीनवाण्या शब्दाला हक्कदाराचा अर्थ दिला.

सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील आहेत. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार, पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन देणे बंधनकारक आहे. सज्ञान पुत्र स्वतंत्र कुटुंब मानावयाचा आहे. निवाड्याने विस्थापिताच्या व्याख्येत जमीन कसणाराही धरला होता. पण येथील भिल्ल व पावरा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली पुष्कळशी जमीन सरकारदप्तरी वनजमीन होती. सातबारा नाही, म्हणून कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरला. त्यातून ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ अशी विभागणी झाली. ‘अघोषित’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. तो माणसाची स्थिती सांगत नाही. कचेरीने न केलेले काम सांगतो आणि त्याची शिक्षा माणसाला देतो. १९९३ मध्ये मणिबेलीत शिरलेल्या पाण्याने अशी यादी पाहिली नव्हती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे उद्देशिकेतच मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाचा हक्क न देता वनजमिनीवरून बेकायदा हुसकावलेल्यांना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्कही त्यात आहे. मग ज्यांना कायद्याने हक्कदार मानले, त्यांना दप्तराने अतिक्रमणदार का म्हणावे?

२०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर उंचीनिशी राष्ट्राला अर्पण झाले. ‘अघोषित’ शब्दाची गरज संपली, असे त्यामुळे कोणी समजू नये. गावातील वृद्धांचे लेखी जबाब वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. पाण्यासोबत खुणा जातात, काळासोबत साक्षीदारही जातात. कार्यकर्त्यांनी गावोगाव बसून हे जबाब नोंदवावेत आणि ग्रामसभेपुढे ठेवावेत. ज्याची जमीन गेली, तो प्रकल्पग्रस्त. त्यापुढे दुसरे विशेषण लावण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला असता कामा नये.