शिष्यवृत्ती येते, पण कधी?



आपल्या जंगलपट्टीतलं पोट्टं दहावी झालं की अकरावीला नाहीतर आयटीआयला आर्वीला जाते, वर्ध्याला जाते. खोलीभाडं, खानावळ, एसटीचा खर्च पहिल्याच महिन्यापासून सुरू. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे ना जी! पण ती खात्यात पडते तेव्हा कधी कधी परीक्षासुद्धा होऊन गेलेली असते. तोवर पोट्ट्यानं काय खावं?

मग बाप सावकाराकडे जातो. वावर गहाण पडते. ज्या वावराच्या पट्ट्यासाठी आपण मोर्चे काढले, तेच! 2006 च्या वनहक्क कायद्यानं पट्ट्याची जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पण सावकार कागद करतच नाही, सारा व्यवहार तोंडी.

म्हणून पहिला हप्ता जुलैतच द्या, ही मागणी पट्ट्यांच्या मागणीसोबत मोर्चात ठेवली पाहिजे. आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांनी तेंदूपत्ता-बांबूच्या पैशातून शिकणाऱ्यांना उचल द्यावी, शिष्यवृत्ती आली की परत घ्यावी. काही जण म्हणतात, पैसा बुडेल. सावकाराचा बुडत नाही, मग ग्रामसभेचाच काऊन बुडेल?

यादी करताना पोट्टींची नावं आधी लिहा. घरात पैसा कमी पडला की कॉलेज पहिले तिचंच सुटते.