पासिंग २०३० पर्यंत. पण तपासणी कधी झाली?

कोल्हापूर - जुन्या मोटारीचा व्यवहार सुरू झाला, की पहिला प्रश्न असतो रनिंगचा आणि दुसरा पासिंगचा. गाडी २०१५ ची असेल, तर ‘पासिंग २०३० पर्यंत आहे’ असे विक्रेता सांगतो आणि घेणारा निर्धास्त होतो. सरकारने गाडी तपासून तिला तेवढ्या वर्षांचा परवाना दिला आहे, असा या उत्तराचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. ही गाडी शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसानंतर सरकारी निरीक्षकाने तिच्याकडे एकदाही पाहिलेले नसण्याचीच शक्यता अधिक.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ४१ व्या कलमानुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती मुदत संपल्यावर गाडी परिवहन कार्यालयात दाखवावी लागते आणि मग पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. म्हणजे आर.सी. बुकावरील तारीख ही नोंदणीची मुदत आहे, गाडीच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. टॅक्सीचे तसे नाही. प्रवासी वा मालवाहतुकीच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गंमत अशी, की जुन्या बाजारात ग्राहक ‘पूर्वी टॅक्सी होती काय?’ असे विचारून नेमकी तीच गाडी टाळतो, जिची निदान काही तपासणी झालेली असते.

राहता राहिले ‘पीयूसी’. नवी गाडी एक वर्षाची झाल्यानंतर हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. परंतु ते केवळ धुराचे मोजमाप आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर किंवा गंजलेला सांगाडा यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीतही ग्राहकाच्या हाती पडते ती फक्त नवी तारीख. निरीक्षकाला कोणते दोष आढळले, ते दुरुस्त झाले काय, गाडी तेव्हा किती किलोमीटर धावली होती, यांपैकी काहीही आर.सी.वर उमटत नाही.

अन्यत्र काय चालते, हे पाहिले म्हणजे ही उणीव नीट कळते. जर्मनी आणि जपानमध्ये गाडी तीन वर्षांची झाल्यावर पहिली आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणी होते. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी द्यावी लागते. तेथे गाडीचा क्रमांक टाकला, की २००५ पासूनच्या चाचण्यांचे निकाल, नापास होण्याची कारणे आणि प्रत्येक वेळचे किलोमीटर (तिकडे मैल) कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मीटर मागे फिरवणाऱ्याची लबाडी अशा नोंदींतून सहज उघडी पडते. आपल्याकडे मीटरच्या आकड्याला ताडून पाहण्यासाठी सार्वजनिक नोंदच नाही.

कोल्हापूरकरांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती महापुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ अशा दोन्ही वेळी पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी परिसरांत पाणी शिरले आणि अंगणात, तळघरातील पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. तिकडे सांगलीतही तेच झाले. या गाड्यांचे पुढे काय झाले, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विचारायला हवे.

विम्याचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. गाडी जितकी जुनी, तितके हे मूल्य कमी. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या गाडीत सीटपर्यंत पाणी चढले, तरी कंपनीच्या वर्कशॉपचे अंदाजपत्रक ही मर्यादा ओलांडू शकते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी ‘सॅल्व्हेज’ म्हणून विकली जाते. तीच गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये, जुने सुटे भाग वापरून, निम्म्याहून कमी खर्चात चालू करता येते. त्यात बेकायदा काही नाही आणि कित्येकदा काम चांगलेही होते. परंतु आर.सी.वर ‘ही गाडी बुडाली होती’ असा शेरा येत नाही. पुढचा मालक, त्याच्या पुढचा मालक, अशी ती गाडी स्वच्छ कागदांवर फिरत राहते.

पाण्याचे दुखणे लगेच दिसत नाही, हे यातले खरे संकट. इंजिन उघडून स्वच्छ करता येते. वायरिंगच्या जोडांत आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांत शिरलेला ओलावा मात्र महिनोन् महिने आपले काम करीत राहतो. पॉवर विंडो अडकणे, डॅशबोर्डवरचा दिवा अकारण लागणे, इथपर्यंत ठीक. पण ब्रेकच्या एबीएस प्रणालीत किंवा एअरबॅगच्या जोडणीत बिघाड झाला, तर तो कळतो अपघाताच्या क्षणी.

मग ग्राहकाने काय करावे? जो इतिहास सरकार लिहीत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो. त्यात सर्वांत बोलका कागद विम्याचा. एकाच मालकाकडे सलग असलेल्या गाडीच्या पॉलिसीत ‘नो क्लेम बोनस’ २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. तो मध्येच शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षी भरपाई घेतली गेली असण्याचा संभव मोठा. निदान कारण विचारायला जागा आहे. २०१९ आणि २०२१ नंतरच्या पॉलिसी म्हणूनच मागून घ्याव्यात. मालकाला सोबत नेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी पाहिल्या, तर किलोमीटरचा ताळाही जमतो. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची व पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा हे सारे दिसते. ई-चलनाची थकबाकी वेगळी पाहावी. आणि इसार देण्यापूर्वी गाडी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीला दाखवावी. शिवाजी उद्यमनगर ज्या शहरात आहे, तेथे माहीतगार माणसाची वाण नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, गालिचा उचलला, स्टेपनीखालचा खळगा हाताने चाचपला, तर सुकलेला गाळ अजूनही सापडतो.

जिल्हा सीमेवर असल्याने बेळगाव, निपाणी आणि गोव्याकडच्या गाड्याही येथे विक्रीला येतात. किंमत कमी दिसते. पण मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर धरला, तर फरक पुष्कळसा आटतो.

विकणाऱ्यानेही गाफील राहण्यात अर्थ नाही. कोऱ्या २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या करून गाडी सोडून देण्याची प्रथा अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे स्पष्ट केले आहे. गाडी चार हातांतून गेलेली असली, तरीही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन सूचना बंधनकारक झाली, ती याच गोंधळावर उपाय म्हणून. विक्रेत्याकडे हे अधिकारपत्र आहे काय, हे विचारण्यात संकोच नको.

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरील गाडी घेताना खर्चाचाही हिशेब हवा. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. शिवाय तपासणीत पास होण्यासाठी करावे लागणारे काम घेणाऱ्याच्याच माथी येते. मुदत संपायला सहा महिने असताना गाडी बाजारात का आली, याचे उत्तर बहुधा येथेच असते.

बहुतेक विक्रेते जुने कागद मागितल्यावर दाखवतात. ‘कागद पुरात गेले’ असे उत्तर कोल्हापुरात खरेही असू शकते; पण मग त्या दिवशी गाडी कोठे उभी होती, हा पुढचा प्रश्न लगेच विचारावा.