विश्लेषण : शाळेतला रोबो बनवताना लेथ आणि ड्रिल मुलांच्या हाती कधी द्यावे?

रोबोटिक्स म्हटले की लॅपटॉप, सेन्सर आणि कोडिंग आठवते. पण स्पर्धेत उतरणाऱ्या रोबोचा सांगाडा बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो कापावा लागतो, त्याला भोके पाडावी लागतात, शाफ्ट लेथवर घडवावा लागतो. हे काम १४ ते १८ वर्षांची मुले करतात, तेव्हा त्यांना यंत्रांपासून दूर ठेवायचे की यंत्रे चालवायला शिकवायचे, हा प्रश्न उभा राहतो. शिकवायचे असेल तर ते कसे?

शाळकरी मुलांना यंत्रकामाची गरज का पडते?

अमेरिकेत संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि १९९२ पासून तिची रोबोटिक्स स्पर्धा सुरू झाली. तिच्या हायस्कूल गटातील मोठ्या स्पर्धेत रोबोचे वजन ५० किलोच्या आसपास जाते. जानेवारीत खेळाचे नियम जाहीर होतात आणि काही आठवड्यांत रोबो उभा करावा लागतो. तयार सुटे भाग जोडून सगळे भागत नाही. त्यामुळे अनेक संघांकडे पिलर ड्रिल, बँडसॉ, ग्राइंडर असतात. काहींकडे लेथ आणि मिलिंग मशीनही असते. कमी वेळ, रात्रीची जागरणे आणि फिरती यंत्रे एकत्र आली की चुकीची शक्यता वाढते.

नेमका धोका किती वेगवान असतो?

लेथ मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण १६ ते १७ फेरे होतात. धोका दिसल्यावर माणसाचा हात हलायला किमान ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात तीनहून अधिक फेरे झालेले असतात. २५ मिलिमीटर जाडीच्या रॉडभोवती एका फेऱ्यात सुमारे ८ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते, म्हणजे हात हलण्याआधीच जवळपास २५ सेंटिमीटर बाही आत ओढली गेलेली असते. ‘लक्ष देऊन काम कर’ एवढे सांगणे पुरत नाही ते यामुळेच. ओढले जाण्यासारखे काही अंगावर असताच कामा नये. मोकळे केस, ओढणी, लांब बाही, ओळखपत्राची दोरी, राखी, बांगड्या, इअरफोनची वायर हे सगळे यंत्रापाशी जाण्याआधीच काढायचे किंवा बांधायचे.

हातमोजे घातले तर हात वाचत नाहीत का?

हा सर्वात सामान्य गैरसमज आहे. धारदार पत्रा उचलताना हातमोजे उपयोगी असतात. पण फिरत्या ड्रिल किंवा लेथजवळ तेच घातक ठरतात. मोज्याचा कोपरा अडकला की बोटांसह हात आत खेचला जातो.

अशा आणखीही काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात. चक घट्ट केल्यावर त्याची चावी तशीच राहिली, तर यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. पातळ पत्रा हाताने धरून भोक पाडताना, भोक आरपार होण्याच्या क्षणी बिट अडकते आणि पत्रा पात्यासारखा गरगर फिरतो. म्हणून तो व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने पक्का करायचा. धातूचे कीस हाताने नव्हे, तर यंत्र थांबवून ब्रशने काढायचे. लोखंडासाठीच्या ग्राइंडरवर अ‍ॅल्युमिनियम घासायचे नाही. मऊ धातू चाकाच्या खरबरीत पृष्ठभागात बसतो, चाक तापते आणि फुटू शकते. नजरेचा चष्मा म्हणजे सुरक्षा गॉगल नव्हे, त्याच्या बाजू उघड्या असतात.

येल विद्यापीठातील अपघाताने काय दाखवले?

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा एकटी काम करत होती. तिचे केस लेथमध्ये अडकले आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने नंतर यंत्रावरील संरक्षक व्यवस्थेतील त्रुटींवर बोट ठेवले. विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळेच्या वेळा मर्यादित केल्या आणि देखरेख सक्तीची केली. हुशारी ही सुरक्षितता नव्हे, हा त्यातला धडा. शेजारी दुसरे कोणी असते, तर यंत्र बंद करणारा एक हात तिथे असता.

शिकवण्याचा क्रम कसा असावा?

आधी मोजमाप, आखणी, हॅकसॉ आणि कानस. हाताने धातू कापताना त्याची ताकद कळते आणि घाई कमी होते. मग बेंचवरचे ड्रिल, त्यानंतर बँडसॉ, आणि लेथ व मिलिंग सर्वात शेवटी. परवानगी सरसकट नव्हे, यंत्रागणिक द्यायची. ड्रिल येते म्हणजे लेथ येतो असे नाही. प्रत्येक यंत्रासाठी तीन पायऱ्या ठेवता येतात. विद्यार्थी आधी पाहतो, मग यंत्र बंद असताना प्रत्येक कृती बोलून दाखवतो, शेवटी प्रशिक्षकासमोर ते चालवतो. आपत्कालीन बटण कुठे आहे हे त्याने न शोधता दाखवले पाहिजे.

दोन नियमांना अपवाद नसावा. एकट्याने काम नाही, आणि संघातील सर्वात लहान मुलानेही ‘थांबा’ म्हटले की यंत्र बंद. थोडक्यात टळलेले प्रसंग वहीत नोंदवले जावेत, पण त्यावरून कोणाला ओरडा बसू नये. ओरडा बसला की पुढचा प्रसंग लपवला जातो.

भारतात कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २३ नुसार, धोकादायक यंत्रावर काम करणाऱ्या अल्पवयीन कामगाराला त्यातील धोके व खबरदारी पूर्णपणे समजावून सांगणे बंधनकारक होते. शिवाय त्याला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले असावे किंवा जाणकाराची देखरेख असावी, अशी अट होती. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. पण विद्यार्थी हा कामगार नसतो. त्यामुळे कारखान्यातील मुलासाठी कायद्याने आखलेली चौकट शाळेतल्या मुलाला आपोआप लागू होत नाही. ती शाळेने स्वतःहून उभी करावी लागते.

महाराष्ट्रातील शाळांसाठी हे महत्त्वाचे का?

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. या लॅबच्या साहित्याच्या यादीत यांत्रिक अवजारे आहेत आणि सुरक्षा साहित्यही आहे. पण गॉगल खरेदी करता येतो, ड्रिल शिकवणारा माणूस खरेदी यादीत नसतो. हे काम अनेकदा विज्ञान किंवा संगणकाच्या शिक्षकांकडे येते, आणि त्यांनी स्वतः लेथ चालवलेला असतोच असे नाही.

त्यावर उपाय लांब नाही. जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय आहेत आणि तिथे फिटर, टर्नरचे निदेशक सुरक्षिततेपासूनच शिकवायला सुरुवात करतात. शाळेच्या शिक्षकांनी त्यांच्याकडे काही दिवस शिकणे, किंवा मुलांचे यंत्रकाम तिथेच करून घेणे, हे नवे यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

पालकांनी काय विचारावे?

यंत्र चालू असताना जाणकार प्रौढ व्यक्ती शेजारी असते का? आपल्या मुलाला नेमक्या कोणत्या यंत्राची परवानगी मिळाली आहे? आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातही हेच नियम पाळले जातात का? शाळेची खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नात आहे.